डीबगरमध्ये ३२-६४ बिट: टेम्प्लेट घ्यावे की रनटाइम?

स्वतःचा डीबगर (चालू प्रोग्राम थांबवून आत डोकावणारं टूल) लिहिताय आणि ३२-६४ बिट, लिटल-बिग एंडियन (संख्येचा खालचा बाइट आधी की वरचा) सगळं एकाच बायनरीत हवंय, तर वाटा दोन. एक, गोल्ड या लिंकरसारखी (लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम): साइझ आणि एंडियन हे सी प्लस प्लस टेम्प्लेटचे पॅरामीटर, कंपायलर चार प्रती काढून देतो. दुसरी जीडीबी या डीबगरची: बाइट वाचणाऱ्या फंक्शनला दरवेळी लांबी आणि बाइट-ऑर्डर द्यायची, पत्ता आत ६४ बिटचा ठेवायचा, म्हणजे सगळं रनटाइमला, डीबगर चालताना, ठरतं.

दिसायला टेम्प्लेटच देखणं, हे आजही मान्य. ३२ बिट ईएलएफमध्ये (लिनक्सवरच्या प्रोग्राम फाइलचा फॉरमॅट) सिम्बॉलची, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलच्या नावाची, नोंद १६ बाइटची, ६४ मध्ये २४ ची, वर फील्डचा क्रमही वेगळा. टेम्प्लेटमध्ये हे ज्याच्या त्याच्या जागी बसतं, आणि पत्त्यांची बेरीज ३२ बिटांबाहेर जातच नाही. रनटाइममध्ये वरचे बिट कापणारा मास्क आपण लावायचा. त्यात मिप्स प्रोसेसर असेल तर ३२ बिट पत्ता ६४ चा करताना साइन-एक्स्टेंड करायचा (सगळ्यात वरचा बिट पुढच्या जागांत भरायचा), नाहीतर कर्नलचे पत्ते जुळत नाहीत. कटकट आहे खरी.

माझं पारडं फिरलं ते एक्झेकमुळे, म्हणजे चालू प्रोसेस स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवते त्यामुळे. डीबगरखाली ६४ बिट शेल चालू आहे, तो ३२ बिट प्रोग्राम एक्झेक करतो. पीआयडी (प्रोसेसचा नंबर) तोच, डीबगरचा ट्रेसही सुटलेला नाही. पण एक्स८६-६४ लिनक्सवर रजिस्टर वाचणाऱ्या त्याच गेटरेगसेट कॉलला आता २१६ ऐवजी ६८ बाइट येतात. इकडे टेम्प्लेटवाल्या सेशनचा टाइप ६४ वर गोठलेला. मग ब्रेकपॉइंट, डिस्प्ले, युजरने मांडलेला सगळा संसार एका टाइपमधून दुसऱ्यात हलवा. ते नको म्हणून वर व्हर्च्युअल बेस क्लास (कोणतं फंक्शन ते चालतानाच ठरवणारा) चढवला, की फिरून रनटाइमच झालं ना! जीडीबीच्या पद्धतीत नव्या फाइलचा हेडर वाचायचा, आर्किटेक्चरची नोंद बदलायची. युजरची यादी जागची हलत नाही.

एआरएम प्रोसेसरच्या बीई-८ मोडमध्ये तर डेटा बिग एंडियन आणि इन्स्ट्रक्शन लिटल. तिथे एंडियनचा एकच पॅरामीटर पुरतच नाही.

वेगात टेम्प्लेट थोडं पुढे असेलही. कमांड देताना मला तरी फरक जाणवला नाही.

नुसती फाइल वाचून संपणारं, ऑब्जडंपसारखं टूल करायचं असेल तर टेम्प्लेट खुशाल घ्या. जिवंत प्रोसेस धरायची असेल तर, माझ्यापुरतं सांगतो, टेम्प्लेटला ईएलएफ वाचणाऱ्या कोडच्या बाहेर मी पाऊल टाकू देत नाही.