परीक्षक म्हणून माझा फोटो छापला आणि 31,130 रुपये गेले

एका बनावट रेडिओ पुरस्कारात आमच्या स्टेशनचे किती गेले, तो आकडा आधी सांगून टाकतो. दोन प्रवेशिका, प्रत्येकी 2,360, म्हणजे 4,720. ‘विजेता पॅकेज’ 17,700. दिल्लीच्या सोहळ्याचे दोन पास 8,260. आणि ट्रॉफी दारात आली तेव्हा कुरियरवाल्याला 450, कारण पार्सल ‘टू-पे’ होतं. एकूण 31,130. फसवणूक घरपोच आली आणि तिचं भाडंही आम्हीच दिलं.

आमचं 50 वॅटचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन. टेकडीपलीकडच्या वाडीला नीट ऐकूही जात नाही. सरकारी जाहिरातीला दहा सेकंदांचे 74 रुपये मिळतात, तेही 2023 मध्ये 52 वरून वाढले म्हणून. त्या दरानं हिशेब केला तर आमच्या बरोब्बर 420 जाहिराती गेल्या, वर 50 रुपये. मुद्दाम जुळवलेलं नाही, भागाकार करून बघा.

पुरस्कार विकत मिळतात हे आपल्या क्षेत्रात कुणाला नवीन नाही. ‘आपली निवड झाली आहे’ छापाचे मेल मी न उघडता उडवतो. पण या पुरस्कारवाल्यांनी मला आधी पुरस्कार दिलाच नाही. परीक्षक व्हा म्हणाले. “सर, ग्रामीण रेडिओची जाण असलेलं ज्यूरीत कुणीच नाही हो.” मानधन 5,000, सोहळ्यानंतर. बारा वर्षं हे काम करतोय, असा फोन कधी आला नव्हता. पाघळलो. मग दोन दिवसांनी, “सर, तुमचा विभाग वेगळा आहे, दुसऱ्या विभागांत तुमच्या स्टेशननं प्रवेशिका पाठवायला हरकत नाही.” पाठवल्या. फी घेतात म्हणजे खोटेच, असंही नसतं. न्यूयॉर्क फेस्टिव्हल्स या नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांचे लोकही प्रवेश फी घेतात. हे मी तेव्हा स्वतःला समजावलं आणि आमच्या खजिनदारालाही.

आता ती रात्र. त्यांनी चौदा फाइली पाठवल्या होत्या. शेवटचं बुलेटिन संपवून मी स्टुडिओतच हेडफोन लावून बसलो. अकरावी फाइल लावली आणि हलगीचा दुसरा ठोका पडायच्या आत मला कळलं, ही आमचीच सिग्नेचर ट्यून. पुढं शेळ्यांच्या लसीकरणावरचा आमचाच कार्यक्रम. मध्येच कुकरची शिट्टी, कारण ती मुलाखत त्या बाईंच्या स्वयंपाकघरात मीच घेतली होती. माझीच प्रवेशिका माझ्याकडेच तपासायला! विभाग वेगळे वगैरे सगळं तिथंच संपलं होतं. आलेला माल त्यांनी कुणीही न ऐकता पुढं ढकलला होता, एवढाच त्याचा अर्थ. मी त्यांच्या माणसाला फोन केला. तो हसला. “सर, नावं झाकलेली असतात ना, म्हणून झालं असेल. तुमच्यावर आमचा विश्वास आहे. निःपक्षपातीपणे गुण द्या.”

आणि मी दिले. दहापैकी साडेआठ. नऊ देणार होतो, बरं दिसणार नाही म्हणून अर्धा कापला. अजून रात्री जाग आली की तो कापलेला अर्धा गुण आठवतो.

त्यानंतरचं सगळं उतारावरून. ‘प्रथम क्रमांक’ आला, 17,700 भरले. यूपीआयवर नाव आलं ते संस्थेचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. पावतीवर 18 टक्के जीएसटी लावलेला, जीएसटी क्रमांक मात्र नाही. क्रमांक मागून घ्या, जीएसटीच्या पोर्टलवर टाका, फुकट आणि दोन मिनिटांचं काम आहे. सोहळा 13 फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनी होता. 11 तारखेला पुढं ढकलला, मग ऑनलाइन ठरला, मग फोन बंद. तोवर गावानं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार उरकला होता.

चौकीत गेलो. हवालदारांनी सगळं ऐकलं. “पैसे तुम्हीच भरले ना? ओटीपी दिला होता का?” नाही. “मग हे सायबर कसं?” सायबरवाले म्हणाले, आधी चौकीत जा. परत चौकीत. “ट्रॉफी आली का?” आली. “मग फसवणूक कशी?” मी चिडून म्हटलं, साहेब, ही सरळसरळ चारशेवीस आहे. तर मान वर न करता मला सांगतात, “चारशेवीस गेलं आता. न्याय संहितेत 318.” एवढी माहिती आहे तर लावा की ते 318! अर्जावर शिक्का मारून दिला, तोही दोनदा मागितल्यावर. बँकेत उत्तर तयारच होतं: व्यवहार तुमच्याच संमतीचा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर 38 दिवस झाले होते. लाज वाटली म्हणून थांबलो होतो. तुम्ही थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचे कम्युनिटी रेडिओचे राष्ट्रीय पुरस्कार आहेतच. तिथं पहिल्याला लाख, दुसऱ्याला 75 हजार, तिसऱ्याला 50 हजार मिळतात. पैसे इकडे येतात, तिकडे जात नाहीत. कुणी ज्यूरीत बोलावलं तर बाकीचे परीक्षक कोण ते विचारा आणि त्यांना फोन लावा. मी लावला नाही. मला वाटलं, माझ्यासारखेच कुणीतरी असतील. होतेच.

ट्रॉफी ॲक्रिलिकची आहे, त्यावर ‘कम्यूनीटी’ असं लिहिलंय. पैशांचं दुखणं एकवेळ सोसेन. पण त्यांच्या पोस्टरवर ‘मान्यवर परीक्षक’ म्हणून माझा फोटो होता. विदर्भातल्या एका स्टेशनच्या ताईंचा फोन आला, “दादा, तुम्ही आहात बघून मी भरले हो. आमच्या बचत गटाचे होते.” त्यांचे 2,360 मी माझ्या खिशातून पाठवले. त्यांनी पैसे मिळाल्याचा निरोप दिला, बाकी काही बोलल्या नाहीत.

मी गुण दिलेल्या चौदा फाइलींत आमची सोडून तेरा होत्या. त्यांतल्या सहा स्टेशनांचे नंबर मला मिळालेत. चौघांशी बोललो.