टेस्टचा डेटाबेस कसा उभा करावा: मायग्रेशन्स, स्कीमा डम्प की टेम्प्लेट?

दोन ओळींची टेस्ट चालवायची आणि त्याआधी तीनशे मायग्रेशन्स (डेटाबेसच्या रचनेत एकेक बदल करणाऱ्या, क्रमाने चालणाऱ्या फाइल्स) सरकताना बघत बसायचं, हे ज्यांच्या नशिबी आलंय त्यांच्यासाठी हा आढावा.

सगळी मायग्रेशन्स शून्यापासून चालवणं हा सर्वांत प्रामाणिक मार्ग. ट्रिगर (डेटा बदलला की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड), एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडलेली जादा सोय), मायग्रेशनमधून भरलेला सुरुवातीचा डेटा, सगळं जागच्या जागी येतं. पण कॉलम टाकला, नाव बदललं, शेवटी काढूनच टाकला, हा सगळा इतिहास दरवेळी पुन्हा घडवावा लागतो आणि तो लांबतच जातो.

स्कीमा डम्प, म्हणजे टेबलांच्या आत्ताच्या रचनेची एका फाइलमधली नोंद, थेट शेवटच्या अवस्थेवर नेतो. वेब फ्रेमवर्कांपैकी रेल्समध्ये ही सोय पूर्वीपासून आहे, लाराव्हेलमध्ये आवृत्ती ८ पासून. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये ३.१ पासून टेस्ट डेटाबेससाठी मायग्रेशन्स बंद करता येतात. मग टेबलं मॉडेल्सवरूनच, म्हणजे कोडमधल्या टेबलांच्या वर्णनावरूनच, बनतात. वेग झकास, पण फसगत इथेच होते. मायग्रेशनमध्ये हाताने लिहिलेलं एसक्यूएल किंवा डेटा भरणारं पायथन चालतच नाही, आणि टेस्ट भलत्याच कारणाने पडते. रेल्सच्या नेहमीच्या रुबी स्कीमा फाइलमध्येही ट्रिगर उतरत नाहीत. तिथे एसक्यूएल स्वरूपातला डम्प घ्यावा.

डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस वापरत असाल तर माझा कौल टेम्प्लेटला, म्हणजे प्रती काढण्यासाठी ठेवलेल्या नमुना डेटाबेसला. मायग्रेशन्स एकदाच चालवून एक डेटाबेस तयार ठेवायचा आणि समांतर टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक वर्करला (प्रोसेसला) त्याची प्रत द्यायची. ट्रिगर आणि डेटा दोन्ही सोबत येतात. प्रत काढताना टेम्प्लेटला दुसरं कनेक्शन जोडलेलं असलं तर पोस्टग्रेस सरळ नकार देतं, एवढं सांभाळा. टेम्प्लेटच्या नावात मायग्रेशन फाइल्सचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा छोटा कोड) घातला की शिळा टेम्प्लेट वापरला जाण्याची भीती उरत नाही. थोडं स्क्रिप्टिंग मात्र स्वतःच करावं लागतं.

ते नको असेल तर जुनाच टेस्ट डेटाबेस राखून ठेवा; जँगोत त्यासाठी 'कीपडीबी' आहे. एकट्याने एकाच ब्रांचवर काम करताना छान. ब्रांच बदलली की मात्र आधीच्या ब्रांचचे कॉलम तिथेच ठाण मांडून बसतात.

प्रॉडक्शनला पोस्टग्रेस आणि टेस्टला मेमरीतलं एसक्यूलाइट, हा मोह टाळाच. एसक्यूलाइट एरवी पूर्णांकाच्या कॉलममध्ये अक्षरंही मुकाट्याने ठेवून घेतं.

डम्प घ्या वा टेम्प्लेट, सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) एक जॉब शून्यापासून सगळी मायग्रेशन्स चालवणारा राहू द्या. डम्पवाल्यांनी त्याच जॉबमध्ये तयार झालेला स्कीमा डम्पशी ताडून बघावा.