सेकंडहँड पिकअप, 11 महिने आणि 9 सेंटिमीटर

गाडी 2012 ची. घेतली मागच्या दिवाळीत, तेव्हा मीटरवर 2,10,000 होते. त्या मीटरवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. 11 महिन्यांत मी अजून 26 हजार चालवली, बहुतेक नारायणगाव आणि माळशेजवरून वाशी. इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही, क्लच ठीक आहे, हेडलाइट म्हणजे निरंजन. पण हे सगळं लिहायला मी बसलेलो नाही. मला स्टेअरिंगबद्दल लिहायचंय, कारण परवा शेजारच्या वाडीतला एकजण त्याच्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स (हँडलचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) बदलायला निघाला होता आणि मी त्याला जवळजवळ दंडाला धरून थांबवला.

घेतली तेव्हाच हँडल ढिलं होतं. सरळ रस्त्यावर हात थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आणि गाडी आपली सरळच. विकणारा म्हणाला, जुन्या पिकअपला एवढा प्ले असतोच. मीही म्हटलं, असेल. वीस हजार कमी केले होते ना त्याने.

जानेवारीत गॅरेजला दाखवली. त्याने बॉक्सच्या माथ्यावरचा लॉकनट सैल केला, मधला स्क्रू अर्धा आटा कसला, तीनशे रुपये घेतले. प्ले कमी झाला, मी खूश. पण आठवड्यात लक्षात आलं की वळणातून बाहेर पडताना हँडल आपणहून सरळ येईना. ओढून आणावं लागायचं. आधी गाडी नुसती ढिली होती, आता भटकायला लागली. हे दोन वेगळे आजार आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ढिलं म्हणजे हँडल फिरतं आणि चाक ऐकत नाही. भटकणं म्हणजे हँडल धरून ठेवलंय आणि गाडी तिच्या मनाने चाललीय. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की काय होतं ते पुढे वाचा.

त्याच गॅरेजवाल्याने मार्चमध्ये निकाल दिला, "शेठ, बॉक्स गेलाय." स्क्रू यानेच आवळला होता हे ना तो बोलला, ना मला सुचलं. रिकंडिशन्ड बॉक्स, मजुरी, अलाइनमेंट मिळून 9,500. जुना बॉक्स मागितला तर म्हणे तो बदल्यात जातो. हे आधी सांगितलं असतंस तर, यावर अर्धा तास वाजलं. शेवटी चहा पिऊन मीच निघून आलो, बॉक्स तिथेच.

तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पैसे वसूल. दोन जणांना सांगितलंही, ते आता मागे घेतो. एप्रिल-मे गाडी लोण्यासारखी चालली, पण त्या दोन महिन्यांत ती निम्मी रिकामीच धावत होती. शिवाय अलाइनमेंट ताजी होती. बॉक्सचं काय श्रेय आणि अलाइनमेंटचं काय, हे मी तपासलंच नाही. 9,500 दिले की माणसाला गाडी सुधारल्यासारखी वाटतेच.

जूनच्या शेवटी टोमॅटो सुरू झाला. 65 क्रेट, वीस-वीस किलोचे. जुलैत एका रात्री माळशेज उतरत होतो. धुकं असं की पुढच्या टेम्पोचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी उजवीकडे सरकायची, थेट समोरून येणाऱ्याच्या अंगावर. दाबला की डावीकडे. हँडल मी हलवतच नव्हतो. खाली मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा तळहात ओले होते, आणि ते पावसाने नव्हे.

वडिलांना सांगितलं. त्यांनी जन्मभर बैलगाडी हाकली. म्हणाले, "बैल सरळ चालतोय आन् गाडी वाकडी जातीय, तर बैलाला कशाला मारतो? मागं बघ." मी हसण्यावारी नेलं.

मग आळेफाट्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी जॅक काढायला लागलो तर म्हणाले, राहू द्या, आधी गाडी जमिनीवरच बघायची. वजन चाकावर असलं तरच झिजलेला जोड खरं बोलतो. इंजिन चालू ठेवलं, मला वर बसवलं आणि स्वतः गोणपाट टाकून खाली आडवे झाले. "हँडल फुल फिरवायचं नाही. घड्याळातले अकरा ते एक, बस. हलवत राहा." मी हलवत राहिलो. ते एकेका जोडावर बोट ठेवत गेले. हँडलच्या दांड्याचा खालचा जोड, बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म. ड्रॅग लिंकच्या, म्हणजे तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाशी आले आणि म्हणाले, "आता तुम्ही खाली या, मी वर बसतो."

खाली गेलो, बोट ठेवलं. एक बाजू हलत होती, मग टक्, मग दुसरी. त्या टक्‌साठी मी 9,500 दिले होते. जोडावरची रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस वाळून काजळ झालेलं. घरी येऊन नियम शोधला तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 98 व्या नियमात या टोपीचा उल्लेख आहे! स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोपी हवी, आणि हँडलचा मोकळा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नको. 30 अंश म्हणजे घड्याळातले बारा ते एक. माझं हँडल 40 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे कडेवर साधारण साडेदहा सेंटिमीटर. बायकोची शिलाईची टेप घेऊन मोजलं तर बरोबर 9. म्हणजे प्लेपुरता मी कायद्यात बसत होतो. माळशेजला कायदा पाठ नाही, एवढंच.

पुन्हा चाचांकडे गेलो, जॅक तेव्हा लावला. पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, जरा हललं. चाचांनी मला ब्रेक दाबायला लावला आणि पुन्हा हलवलं, हलणं बंद. म्हणजे बेअरिंग सैल, किंग पिन (ज्या खुंटीवर चाक वळतं ती) ठीक. ब्रेक दाबूनही हललं असतं तर खर्च वेगळा होता. बेअरिंग तिथल्या तिथे आवळून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

ड्रॅग लिंकचं टोक बदलल्यावर ढिलेपणा गेला. मी पाकीट काढलं तर चाचा मागे जाऊन पाट्यांपाशी, म्हणजे मागच्या चाकांच्या स्प्रिंगपाशी उकिडवे बसलेले. डाव्या पाट्याच्या पुढच्या टोकाला पहार लावून जरा उचललं तर पिन आणि पाट्याच्या मधून उजेड दिसला. मधला बुश, म्हणजे पिनभोवतीचं अस्तर, नावालाच उरला होता. ओझं घेऊन ॲक्सिलरेटर दाबला की मागचं डावं चाक पुढे ढकललं जायचं, सोडला की मागे यायचं, आणि अख्खी गाडी मागून वळायची. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर वर्षभर ऐकावं लागेल.

नव्या बॉक्सचा स्क्रूही आवळलेलाच निघाला, तो चाचांनी थोडा सोडला. टोक, दोन्ही बाजूंचे बुश, मजुरी मिळून 2,150. पुन्हा टेप लावली, 3 सेंटिमीटर. सोडलं की हँडल सरळ येतं. त्यानंतर वाशीच्या सतरा खेपा झाल्या, त्यातल्या बहुतेक भर पावसात. मी अजून एक केलं, क्रेट आता केबिनला चिकटवून रचतो. मागे लोंबकळणारं वजन पुढची चाकं हलकी करतं, हे कळायला मला सात महिने लागले.

तक्रारी आहेतच. गाडी आठ वर्षांपुढची, त्यामुळे पासिंग दरवर्षी. 80 च्या पुढे हँडल थरथरतं, ते चाकाच्या बॅलन्सिंगचं असणार. पण त्याला हात लावणार नाही, भरल्या गाडीला 80 हवेत कशाला? दर महिन्याला ग्रीस मारायला मी स्वतः खाली जातो आणि आधी टोप्या बघतो. ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांनी खुशाल घ्यावी, फक्त विकणाऱ्याला वर बसवून आपण खाली झोपावं.

आणि तो जुना बॉक्स. जाता-येता मी त्या गॅरेजच्या फळीवर बघायचो, माझाच होता, कोपऱ्यात उडालेला टवका ओळखीचा. गेल्या आठवड्यात फळी रिकामी दिसली. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, काळा रंग मारून रिकंडिशन्ड म्हणून एकाला बसवला. ज्याला बसला त्याने स्क्रू अर्धा आटा सोडून घ्यावा. बाकी बॉक्स चांगला आहे.