१६ पेन्स की १८ पेन्स? खानदेशी कापसाच्या बाजूने बघू

१९२६ ला भारताच्या चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनचा रिपोर्ट आला तेव्हा एकच वाद पेटला होता, एका रुपयाचा ब्रिटिश पैशातला रेट जुना १ शिलिंग ४ पेन्स ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्स करायचा. शिलिंगचे १२ पेन्स, म्हणजे १६ पेन्स की १८. ऐकायला २ पेन्सचा फरक, पण पौंडात २४० पेन्स म्हणजे जुन्या रेटने पौंडाला १५ रुपये आणि नव्याने १३ रुपये ५ आणे ४ पै (म्हणजे १३.३३).

आता भाऊ, अमळनेर-धुळ्याचा कापूस धरा. समजा १० पौंडाचा माल गेला तर १६ पेन्सला १५० रुपये आले असते, १८ ला १३३ च्या आसपास, आणि शेतसारा अन् सावकाराचं व्याज तर रुपयातच ठरलेलं, ते काही कमी होत नव्हतं!! हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

१८ पेन्सवाल्यांचं म्हणणं होतं की भाव त्या रेटला जुळलेत, आयात स्वस्त पडते, आणि लंडनला पाठवायच्या सरकारी पैशाला कमी रुपये लागतात. पण आयात स्वस्त म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचं कापडही स्वस्त ना, मग आपल्या गिरण्यांनी काय करायचं?

कमिशनवरच असलेल्या मुंबईच्या कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी १६ पेन्ससाठी वेगळं मत नोंदवलं. माझं मतही तेच. तरी १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सच पक्के झाले, आणि पौंडाचा तो १३.३३ चा रेट थेट जून १९६६ पर्यंत टिकला, मग एकदम २१ रुपये.