पुण्यातला फ्लॅट परगावातून: व्हर्च्युअल टूर कुठवर पुरते?

वाकड, खराडी, उंड्री, पुनावळे, कुठलाही मोठा प्रकल्प उघडा, 360 अंशांची व्हर्च्युअल टूर बहुधा असतेच. दुबईत किंवा बंगळुरूत बसून पुण्यात घर शोधणाऱ्याला तिचा खरा उपयोग आहे. वीस फ्लॅटांची यादी एका संध्याकाळी चारवर येते. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसेल का, दार उघडताच बेडरूम दिसते का, हे नकाशापेक्षा इथे लवकर कळतं. या छाटणीसाठी पाचपैकी चार गुण. पण तिच्या भरवशावर टोकन द्यायचं असेल, तर एकच.

पहिली फसगत मापांची. लेन्स रुंद कोनाची असल्यामुळे 10 बाय 11ची बेडरूम हॉलएवढी भासते. फरशा मोजा. 2 बाय 2 फुटांच्या असतील तर पाच फरशा म्हणजे 10 फूट. 800 मिलिमीटरच्या असतील तर चारच फरशांत साडेदहा होतात, म्हणून आकार आधी विचारून घ्या. सॅम्पल फ्लॅटच्या टूरमध्ये तर पलंग आखूड, कपाटं उथळ आणि आतली दारं काढलेली असू शकतात. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवरचा मंजूर नकाशा आणि कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) शेजारी ठेवूनच टूर पाहा. कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी धरत नाहीत; त्यामुळे टेपने मोजलेल्या खोल्यांची बेरीज थोडी कमीच भरते.

उजेडाचंही तसंच. कॅमेरा कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र जोडतो, म्हणून डक्टकडे (इमारतीतल्या अरुंद, बंदिस्त मोकळ्या जागेकडे) खिडकी असलेली खोलीही लख्ख दिसते. दिवे बंद करून दुपारी काढलेला साधा व्हिडिओ मागा.

सर्वांत महाग पडते ती ओल, आणि टूरमध्ये ती जवळजवळ दिसतच नाही. पुण्यात पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूची भिंत एप्रिलमध्ये कोरडी असते आणि जुलैत पोपडे सोडते. रिसेलच्या फ्लॅटमध्ये एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर कारण विचारा. खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे, कपाटामागची भिंत, बाथरूमला लागून असलेल्या खोलीची स्कर्टिंग आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखालचं छत, या चार जागा जवळून दाखवायला सांगा. छतावर फॉल्स सीलिंग असेल तर त्याचं झाकण उघडून आतला पाइप बघा.

वास, आवाज आणि पाणी तर कॅमेऱ्याच्या हातातच नाही. लोहगाव विमानतळाजवळची लढाऊ विमानं, उरुळी देवाचीच्या कचरा डेपोकडून येणारा वारा, केशवनगरला नदीतल्या जलपर्णीमुळे होणारे डास, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वाघोली-उंड्रीच्या बाजूला सोसायटीकडून मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. नदीकाठी घर असेल तर पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळी आणि लाल पूररेषा तपासा. 25 जुलै 2024ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं होतं. खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर काय येणार, ते डीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) नकाशात पाहा. टूरमधलं आकाश शूटिंगच्या दिवसाचं असतं.

म्हणून विश्वासातल्या माणसाला साइटवर पाठवून लाइव्ह कॉल करा, निदान 40 मिनिटांचा. मुख्य रस्त्यापासून सुरुवात, कॉल मध्ये तोडायचा नाही, झूम 0.5 नव्हे, 1 वर. सकाळी आठला सगळे नळ एकदम उघडायचे. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते नहाणी ट्रॅपकडे (पाणी जाण्याच्या जाळीकडे) जातं की दारापाशी साचतं, ते पाहायचं. फरशीवर नाण्याने ठोकायचं. पोकळ आवाज आला की खाली सिमेंटचा मसाला नीट भरलेला नाही. शेवटी पार्किंग: नंबर, खांबांमधलं अंतर, वळण. पुन्हा एकदा संध्याकाळी सातला, ट्रॅफिकच्या वेळी.

नव्या प्रकल्पाच्या टूरचं तारखेसह स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार, जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. तेव्हा हा पुरावा लागतो. आणि कलम 13 नुसार, नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, मग टूर कितीही देखणी असो.