सर्पदंशाची चाचणी: ठरलेला आराखडा की बदलता?
समजा, लातूर-नांदेडकडील रुग्णालयांत सर्पदंशावरील दोन उपचारांची तुलना करायची आहे. पारंपरिक आराखड्यात एकूण रुग्णसंख्या आणि कोणत्या उपचाराला किती रुग्ण ही वाटणी आधीच ठरते. हिशेब सरळ राहतो व नैतिकता समितीलाही तो चटकन उमगतो. बेजियन अनुकूली पद्धतीत मात्र पूर्वमाहितीवरून मांडलेली संभाव्यता नव्या निकालांनी सुधारत जाते आणि सरस वाटणाऱ्या उपचाराकडे अधिक रुग्ण वळवता येतात. स्तनाच्या कर्करोगावरील, २०१० साली सुरू झालेल्या आय-स्पाय २ चाचणीत हेच केले गेले. सर्पदंशाचा निकाल बहुधा काही दिवसांतच कळतो, म्हणून ही पद्धत येथे शोभते. ज्या आजारात परिणाम पाच वर्षांनी दिसतो, तेथे तिचा फारसा उपयोग नाही. खरी मेख हंगामाची आहे: पावसाळ्यात शेतात दंश वाढतात, रुग्णांचे स्वरूप बदलते, आणि त्याच काळात वाटणीही बदलली तर फरक उपचाराचा की हंगामाचा, हे सांगणे कठीण होते. म्हणून मी वाटणी समानच ठेवीन आणि चाचणी केव्हा थांबवावी एवढेच बेजियन नियमाने ठरवीन.