पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा: इंट्रेपिड, ग्राफिक, मोनोरेल की जुन्या स्टुडिओतला लाकडी डबा?

आधीच सांगून टाकतो, पहिला ४×५ (चार बाय पाच इंचाच्या सुट्या फिल्मवर फोटो काढणारा लार्ज फॉरमॅट कॅमेरा) घ्यायचा असेल अन् खिसा माझ्यासारखाच असेल तर वापरलेला मोनोरेल घ्या, म्हणजे एकाच दांड्यावर पुढे लेन्स अन् मागे फिल्म सरकते तो. टोयो, कॅम्बो, सिनार एफ, जो धड अवस्थेत हाती लागेल तो. आता अर्धे लोक म्हणतील काऊन बे, एवढं धूड कोण उचलणार, सगळे तर इंट्रेपिड घ्या म्हणून राहिले. म्हणूनच हे लिहायला बसलो.

इंट्रेपिड वाईट नाही हो. ब्रायटनची छोटी कंपनी, २०१४ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमवून सुरू झालेली, बर्च प्लायवूडचा घडी होणारा कॅमेरा, वजन सव्वा किलोच्या आसपास. मित्राकडे आहे, मी तो भरपूर हाताळलाय. पाठीवरच्या साध्या बॅगेत जातो, लिनहॉफ टाइपचा लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पाटी) घेतो म्हणजे बोर्ड कुठेही मिळतो, आणि प्लायवूड असल्यामुळे आपल्या नागपुरात मे महिन्यात हवा सुकी अन् जुलैत सगळं ओलं असं झालं तरी जुन्या सागवानी कॅमेऱ्यासारखं फुगणं-आकसणं फारसं होत नाही. पण हलकं असण्याची किंमत असते. वारा सुटला की बेलोज (लेन्स अन् फिल्मच्या मधला घड्यांचा भाता) शिडासारखे फडफडतात, नॉब आवळताना फ्रेम थोडी सरकते, पुढच्या बाजूला मूव्हमेंट्स (लेन्स-फिल्म सरकवायची अन् झुकवायची सोय) बऱ्यापैकी आहेत पण मागच्या बाजूला मोजक्याच. आणि परदेशातून मागवला की कुरिअर अन् कस्टम ड्युटी धरून जो आकडा होतो तो बघून स्वस्त म्हणायची हिंमत होत नाही.

वजनाचा मुद्दा घ्या. हा सल्ला देणारे बहुतेक लोक पाठीवर सामान टाकून डोंगर चढणारे. आपण कुठे चढतो? मोनोरेल जुन्या कापडी बॅगेत घालून ॲक्टिव्हाच्या पायदानावर ठेवायचा, ट्रायपॉड पाठीला, फुटाळा दहा मिनिटं, अंबाझरी पंधरा, अन् रामटेकला तर गाडी पार वर मंदिराच्या जवळ जाते. चालणं किती, पार्किंगपासून दोनशे पावलं. त्यासाठी तीन-चार किलो काही जड नाही. जो खरंच पेंच-मेळघाटच्या बाजूला पायी हिंडणार आहे त्याने खुशाल इंट्रेपिड घ्यावा, त्याच्याशी माझं भांडण नाही.

मोनोरेलचा खरा फायदा म्हणजे तो शिकवतो. पुढचा आणि मागचा, दोन्ही स्टँडर्ड (लेन्स अन् फिल्म धरणाऱ्या चौकटी) वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, तिरपे, सगळीकडे जातात, बहुतेकांवर खुणा असतात, शून्यावर परत आणणं सोपं. हायकोर्टाची इमारत घ्या, हेन्री मेडने डिझाइन केलेली, १९४० ची. साध्या कॅमेऱ्याने समोरून घुमटापर्यंत फोटो काढायला कॅमेरा वर झुकवला की सगळी इमारत मागे पडल्यासारखी दिसते. इथे कॅमेरा सरळ लेव्हलला ठेवायचा अन् फक्त लेन्स वर उचलायची, खांब सरळच्या सरळ. (तिथे फोटो काढायच्या आधी विचारून घ्या, कोर्ट आहे ते.) किंवा फुटाळ्याच्या काठी बसून पायाजवळचं गवत आणि पलीकडचा किनारा दोन्ही शार्प पाहिजेत, तर लेन्स जराशी पुढे झुकवा, फोकसचं प्रतल आडवं पडतं, लेन्सचं छिद्र एफ/६४ इतकं बारीक करायची गरजच राहत नाही. हे सगळं मागच्या फोकस करायच्या काचेवर उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर, पण दोन-चार वेळा केलं की उलट्याचं काही वाटत नाही.

क्राउन ग्राफिक आणि स्पीड ग्राफिक हे अमेरिकन प्रेसवाल्यांचे कॅमेरे. मजबूत, पेटीसारखे बंद होतात, रेंजफाइंडर (अंतर पाहून फोकस करायची सोय) चालू असला तर हातात धरूनही फोटो निघतो. स्पीडमध्ये मागे फिल्मच्या अगदी पुढे बसणारा कापडी फोकल प्लेन शटर असतो, १/१००० पर्यंत जातो, म्हणजे शटर नसलेली जुनी ब्रास लेन्सही लावता येते, हा छंद ज्याला आहे त्याच्यासाठी सोन्यासारखी गोष्ट. क्राउनमध्ये तो शटर नाही म्हणून हलका. दोन्हीत मूव्हमेंट्स कमी, पुढची लेन्स झुकते तीही मागच्या बाजूला. फक्त पोर्ट्रेट अन् रस्त्यावरचे लोक करायचे असतील तर मी मोनोरेल सोडून हाच घेईन, इमारतींसाठी नाही.

आता लाकडी डब्यावर. महाल-इतवारीच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर अजून हाफ प्लेटचे लाकडी कॅमेरे पडलेले असतात, काहींवर वागीश्वरी लिहिलेलं, ते केरळात आलप्पुळ्याला बनायचे. दिसायला असे देखणे की माणूस भावात घासाघीसच विसरतो. पण हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, त्या मापाची फिल्म दुकानात मिळत नाही, ५×७ ची कापून घ्यावी लागते, होल्डर (फिल्म धरायची चपटी पेटी) काचेच्या प्लेटसाठीचे, शटर म्हणजे लेन्सची टोपी, आणि बेलोजच्या घड्यांच्या कोपऱ्यात भोकंच भोकं. सुतार ओळखीचा असेल अन् मागे ४×५ होल्डरसाठी नवी फ्रेम बसवून देत असेल तर मजा आहे, पण दुसरा कॅमेरा म्हणून. पहिल्यालाच हा घेतला तर फोटो काढायचं राहून दुरुस्त्याच करत बसाल.

बॉडीवर एवढं लिहिलं पण पैसे खातात ते लेन्स आणि होल्डर. बजेटचा निम्मा भाग लेन्सला ठेवा. १५० एमएम एफ/५.६ घ्या, श्नायडर सिम्मार-एस, रोडेनस्टॉक सिरोनार-एन, निकॉर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू, चौघांत नवख्याला फरक कळणार नाही, काच साफ आणि शटर चालू असलेली घ्या. ९० एमएमच्या मोहात लगेच पडू नका, वाइडमध्ये काचेचे कोपरे काळे दिसतात अन् फोकस करताना जीव जातो. शटर बहुतेक कोपल शून्य (शटरचं एक ठरलेलं माप) असतो, त्याला लेन्सबोर्डवर ३४.६ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि बोर्ड तुमच्या बॉडीचाच पाहिजे, सिनारचा १४० मिलिमीटर चौकोनी, टोयोच्या मोनोरेलचा १५८. बॉडी एकाकडून अन् लेन्स दुसऱ्याकडून घेताना हे आधी विचारा.

घेताना दोन गोष्टी स्वतः तपासा. बेलोज पूर्ण ताणून अंधाऱ्या खोलीत आतून मोबाइलचा टॉर्च फिरवा, कोपऱ्यांत तारे चमकले की भाव पाडा (बारीक भोकं काळ्या कापडी टेपने बुजतात, सुकून तडकलेल्या बेलोजचं काही होत नाही). शटर एक सेकंदावर लावून ऐका, जुन्या शटरमधलं तेल सुकतं अन् तो मध्येच घरघर करत अडकतो. पण त्यावरून सौदा मोडू नका. आपल्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/२२ वर १/६० बसतं, म्हणजे बाहेर काम करणाऱ्याला हळू स्पीड लागतच नाहीत. १/३० पासून वर बरोबर असला की पुरे, बाकी बी वर (दाबून धरेपर्यंत शटर उघडा) ठेवून केबल रिलीजने तोंडाने मोजायचं.

होल्डर वापरलेलेच घ्या, फिडेलिटी किंवा लिस्को, एकात दोन शीट. डार्क क्लॉथ (काच नीट दिसावी म्हणून डोक्यावर घ्यायचं कापड) विकत घेऊ नका, गांधीबागेतून काळं आणि पांढरं जाड कापड आणा आणि शिवून घ्या, काळं आत, पांढरं बाहेर. बाहेरूनही काळं ठेवलंत तर एप्रिलमध्येच त्याखाली उकडून निघाल.

फिल्मचं गणित कॅमेऱ्याच्या आधी करा. इल्फर्डच्या एचपी५ फिल्मची एक शीट म्हणजे सावजीच्या एका प्लेटचा भाव, अन् शटर उघडा असतानाच डार्क स्लाइड (होल्डरमधली शीट झाकणारी पट्टी) ओढली की ती वाया. म्हणून सुरुवातीला फोमापान १०० घ्या, किंवा त्याहून स्वस्त, एक्स-रे फिल्म. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची जी दाटी आहे तिथे एक्स-रेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारायचं, आता बरेच दवाखाने डिजिटल झालेत म्हणून लवकर विचारा. ८×१० ची शीट लाल दिव्यात कापली की चार तुकडे होतात, फक्त प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवा, नाहीतर होल्डरमध्ये जात नाही. ही फिल्म लाल रंग पाहतच नाही, त्यामुळे माणसांचे चेहरे सावळे येतात, कुंकू काळं येतं, आणि आकाश पांढरं फटक. साधारणपणे दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असतं म्हणून ओरखडे लवकर पडतात, ट्रेमध्ये खाली काच ठेवा अन् एका वेळी एकच शीट.

डेव्हलपिंगचा खरा शत्रू आपला उन्हाळा. तक्त्यातल्या वेळा २० डिग्रीच्या, आणि मे मध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं ते पाणी चहाला ठेवल्यासारखं. फ्रिजच्या पाण्यात केमिकल कालवा, बाहेरून बर्फाचं टब, आणि फिक्सर अन् धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा, एकदम गरम पाण्यात टाकली तर इमल्शनला सुरकुत्या पडू शकतात. फिल्म होल्डरमध्ये भरताना कूलर बंद. चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून फिल्म भरायची अंधारी पिशवी) दुपारी हाताला घाम येतो, त्यापेक्षा रात्री बाथरूममध्ये जरा पाणी शिंपडून धूळ बसू द्या अन् मग दिवा बंद करून भरा, निगेटिव्हवर ठिपके कमी पडतात. नवख्याने सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केली तर अर्धी कटकट आपोआप वाचते.

स्कॅनर आधीच घरी असेल तर बघून घ्या, एप्सन व्ही६०० ला ४×५ एका फटक्यात येत नाही, व्ही८०० किंवा व्ही८५० ला येतं. स्कॅनर नसेल तर त्यात पैसे घालू नका, लाइट पॅडवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढा, नाहीतर कागदावर काच दाबून काँटॅक्ट प्रिंट करा. एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) सध्या डोक्यातून काढा, ४×५ चा एनलार्जर टेबलावर मावतो की नाही हे आधी घरच्यांना विचारावं लागतं.